आरोग्य समितीचे इतिवृत्त : एक वाचन

समीक्षा कथा, कविता आणि आत्मकथने यांचीच करावयाची असते, ही समजूत आपण प्रस्थापित समीक्षेकडून विनातक्रार उसनी घेतली. ज्या कागदांनी आपल्या आईबापांचे पगार कापले, वस्तीत नळ यायचा की नाही हे ज्या कागदांनी ठरवले, ते कागद आपण संहिता म्हणून कधी वाचले नाहीत. कारकुनांचे काम म्हणून ते कपाटात सोडून दिले. आपल्या समाजाविषयी कथाकारांनी आणि कवींनी जेवढे लिहिले त्याहून अधिक म्युनिसिपालिट्यांच्या कारकुनांनी लिहून ठेवले आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. त्या लेखनालाही भाषा आहे, पात्रे आहेत, आणि त्यात कोण बोलते व कोण गप्प आहे हेही ठरलेले आहे. ते तपासले पाहिजे असे मला अलीकडे फार वाटू लागले आहे. निमित्त घडले ते असे.

२०२५ च्या डिसेंबरात झालेल्या नगरपरिषद निवडणुकीत माझी एक जुनी विद्यार्थिनी अनुसूचित जातीच्या स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेवरून निवडून आली. त्याआधी कित्येक वर्षे तेथे, राज्यातील बहुतेक नगरपरिषदांप्रमाणे, प्रशासकाचा कारभार होता. विषय समित्या नेमल्या गेल्या तेव्हा तिला 'स्वच्छता, वैद्यक व सार्वजनिक आरोग्य समिती'वर घेण्यात आले. एका रविवारी ती कापडी पिशवीत जुन्या सभांच्या प्रोसिडिंगच्या झेरॉक्स घेऊन घरी आली. दवाखान्यासंबंधीचे ठराव होतेच, शिवाय आमच्या वस्तीच्या पाण्याच्या तक्रारींवरचे पंचवीस वर्षांपूर्वीचे ठरावही तिने कारकुनाच्या मागे लागून काढून आणले होते. म्हणाली, "सर, यातलं अक्षर न् अक्षर मला वाचता येतं, पण काय चाललंय ते कळत नाही." ती मराठी विषय घेऊन पदवीधर झालेली मुलगी. तिला मी जे काही शिकवले असेल त्यात हे वाचायला शिकवले नव्हते, ही लाज मनात धरूनच मी तो गठ्ठा वाचायला घेतला.

नावापासून सुरुवात करू. 'स्वच्छता, वैद्यक व सार्वजनिक आरोग्य' हे नाव १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने दिलेले आहे. झाडू, स्टेथोस्कोप आणि साथ या तिन्हींवर एकाच समितीने नजर ठेवावी, यामागची कल्पना चुकीची नाही. रोगाचे मूळ गटारात आणि फुटक्या नळात असते हे ज्याला कळते, तो दवाखाना आणि गटार यांचा विचार वेगवेगळा करणार नाही. तेवढ्यापुरता कायदा शहाणा आहे. परंतु आपल्या समाजव्यवस्थेत कोणतेही तीन शब्द शेजारी बसले की त्यांची उतरंड लागते. वैद्यकातला माणूस शिकलेला, पांढऱ्या कोटातला. त्याला काही विचारायचे तर सभासदालाच संकोच वाटतो. स्वच्छतेचा माणूस आपल्या वस्तीतला. त्याला कोणीही, केव्हाही विचारू शकतो. गठ्ठ्यात डॉक्टरांच्या कामाची चर्चा एखाददुसऱ्या सभेत आली आहे. सफाई कामगारांच्या हजेरीची चर्चा जवळजवळ प्रत्येक सभेत आहे. समितीला दिलेल्या तीन कामांपैकी तिने पहिले तेवढे मन लावून केले, आणि तेही कामगाराची हजेरी मोजण्यापुरते.

आता व्याकरण पाहू. मी वर्गात प्रयोग शिकवतो. इतिवृत्ताच्या मराठीत कर्ता लपवण्याची एक धाटणी रूढ झाली आहे. 'निदर्शनास आणून देण्यात आले', 'समज देण्यात आली', 'कार्योत्तर मंजुरी देण्यात आली'. कोणी दिली, कोणाला दिली, हे वाक्यात शोधून सापडत नाही. हे सरकारी वळणच आहे, त्यात काय एवढे, असे कोणी म्हणेल. मलाही आधी तसेच वाटले. पण पुढे वाचत गेलो तसा एक क्रम दिसू लागला. 'औषधे उपलब्ध होऊ शकली नाहीत.' येथे तर औषधेच कर्ता झाली आहेत, जणू त्यांनाच यायला जमले नाही. मागणीपत्र कोणी पाठवले नाही, बिल कोणाच्या टेबलावर अडले, पुरवठादार कोणाचा कोण लागतो, हे सर्व प्रश्न त्या एका क्रियापदाने मिटवले. 'वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त आहे.' पद आपोआप रिक्त असते. ते कोणी रिक्त ठेवलेले नसते. आणि मग एकाएकी मराठीला कंठ फुटतो : 'सफाई कामगार गैरहजर राहिला.' 'कामगार कामावर उशिरा आला.' साऱ्या गठ्ठ्यात हाडामांसाचा, स्वतःच्या कृतीला जबाबदार असा कर्ता कोण असेल तर तो झाडूवाला. बाकी सारे काही घडते. तो मात्र करतो, म्हणून दंडही त्यालाच होतो.

आणि रुग्ण? तो आकड्यात आहे. 'बाह्यरुग्ण संख्या' या रकान्यात तो येतो आणि 'तक्रार अर्ज प्राप्त झाला' या वाक्यात येतो. अर्जात त्याने काय लिहिले होते ते येत नाही. दवाखान्यावर देखरेख करण्यासाठी नेमलेल्या समितीच्या वर्षानुवर्षांच्या कागदांत एकही रुग्ण एक वाक्यही बोललेला नाही. ज्या नाटकात नायकाला संवाद नाही त्याचे परीक्षण आपण कसे केले असते?

आणखी एक गोष्ट माझ्या विद्यार्थिनीनेच दाखवली, मला दिसली नव्हती. प्रत्येक ठरावाखाली 'सूचक' आणि 'अनुमोदक' अशी दोन नावे असतात. राखीव जागांवरून आलेले सभासद तिला ठाऊक होते. काही तिच्या नात्यातलेच. तिने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. त्यांची नावे जेथे जेथे आली तेथे ती बहुतेक अनुमोदकाच्या जागी. ठराव दुसऱ्याचा, हात आपला. तिने मला विचारले, "हे लोक बोलतच नव्हते की यांचं बोलणं लिहिलं जात नव्हतं?" मला उत्तर देता आले नाही. दोन्ही असावे. तिच्या मामांना मी ओळखत होतो. चावडीवर ते घसा फोडून बोलत. त्यांचे नाव या कागदांत सात ठिकाणी आहे आणि सातही ठिकाणी ते कुणाला तरी अनुमोदन देतात.

पाण्याच्या ठरावांत एक सभा मी सातवीत असतानाच्या पावसाळ्यातील निघाली. त्या पावसाळ्यात वस्तीत गॅस्ट्रोची साथ होती. पिण्याच्या पाण्याची नळी गटाराच्या कडेने गेलेली आणि फुटलेली होती. सकाळच्या पहिल्या पाण्याला वास यायचा, हे वस्तीतल्या पोरांनाही ठाऊक होते. सभेत साथीवर 'सविस्तर चर्चा करण्यात आली' आणि नागरिकांनी पाणी उकळून प्यावे असे रिक्षा फिरवून जाहीर करण्याचे ठरले. त्याच्या लगेच खालचा ठराव असा : प्रसूतिगृहाकडील एक स्त्री सफाई कामगार चार दिवस विनापरवानगी गैरहजर राहिली, सदरचे दिवस बिनपगारी धरण्यात यावेत व तिला कारणे दाखवा नोटीस द्यावी. सर्वानुमते मंजूर. प्रसूतिगृहाकडे तेव्हा स्त्री सफाई कामगार एकच होती. ती माझी आई. ते चार दिवस ती सरकारी इस्पितळात माझ्या धाकट्या बहिणीच्या उशाशी बसून होती. उशाशी म्हणायचे एवढेच. खाट नव्हती, फरशीवर सतरंजी होती आणि सलाइनची बाटली खिडकीच्या गजाला बांधली होती. बहीण वाचली. त्या महिन्यात दुकानदाराने उधारी बंद केली हे मला आठवते. नोटिशीचे मात्र ठाऊक नव्हते. आईला वाचता येत नव्हते, आणि तो कागद तिने आम्हा भावंडांना वाचायलाही दिला नव्हता.

ही हकिगत मी कुणी हळहळावे म्हणून लिहिलेली नाही. अशा हकिगती हे त्रैमासिक वाचणाऱ्या निम्म्या घरांत आहेत. माझा मुद्दा संहितेचा आहे. एकाखाली एक असे दोन ठराव, एकाच अक्षरातले. वरच्या ठरावातल्या रोगाने खालच्या ठरावातली गैरहजेरी घडवली. नगरपरिषदेच्या नळाने मुलगी आजारी पडली आणि नगरपरिषदेच्याच समितीने तिच्या आईचा पगार कापला. दोन ओळींचे अंतर होते, ते समितीतील एकालाही ओलांडता आले नाही. ती माणसे दुष्ट होती असे मी म्हणत नाही. त्यांतल्या एकांनी पुढे मला अकरावीची पुस्तके घेऊन दिली. पण त्यांच्या लेखी वस्तीतले 'नागरिक' वेगळे आणि प्रसूतिगृहातील 'कामगार' वेगळी. ती बाई वस्तीतच राहते, तेच पाणी पिते, तिलाही मूल असते, हे मनात येण्यासाठी जी जवळीक लागते ती त्या खोलीत नव्हती. त्या ठरावाचा अनुमोदक कोण, हे मी पाहिले. ते येथे लिहिणार नाही.

हे वाचताना मला बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधील एक प्रकरण पुन्हा काढून वाचावेसे वाटले. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडते. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावातल्या बड्या माणसाच्या मध्यस्थीने, दोन रुपये फी देऊन तो येतो, पण वस्तीच्या बाहेरच थांबतो. ओल्या बाळंतिणीला बाहेर आणावे लागते. थर्मामीटर तो एका मुसलमान माणसाच्या हातात देतो, तो नवऱ्याच्या हातात देतो, नवरा बायकोला लावतो, आणि त्याच वाटेने ते परत येते. दिव्याच्या उजेडात पाहून डॉक्टर न्यूमोनिया म्हणतो आणि जातो. पुढे बाई मरते. त्या शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त आले होते; बाबासाहेबांनी ते आपल्या लेखनात घेतले. आपण हे प्रकरण सहसा अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो आणि पान उलटतो. मला त्यातली थर्मामीटरची वाट महत्त्वाची वाटते. डॉक्टर आला होता, त्याने तपासले होते, औषधही पाठवले होते. कागदावर लिहायचे तर 'रुग्णास सेवा पुरविण्यात आली' असेच लिहिता आले असते. फक्त मध्ये काही हात होते.

आज ते अंतर कुणी उघडपणे पाळत नाही. पण तक्रारीची वाट पाहा. रुग्ण नगरसेवकाला सांगतो, नगरसेवक समितीत मांडतो, समिती मुख्याधिकाऱ्याला कळवते, मुख्याधिकारी वैद्यकीय अधिकाऱ्याला, वैद्यकीय अधिकारी स्वच्छता निरीक्षकाला, निरीक्षक मुकादमाला. मुकादमाच्या पुढे कोण आहे हे सांगायला नको. तक्रार औषध नसल्याची असो, नर्स ओरडल्याची असो की रात्री डॉक्टर नसल्याची असो, एवढ्या हातांतून उतरता उतरता ती संडास घाण असल्याची होते, आणि शेवटी ज्याच्या हातात पडते त्याच्याकडे द्यायला पुढचा हात नसतो. आता तर तो माणूस कंत्राटी असतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी वारसाला निदान नोकरीचा आधार तरी दिला होता. कंत्राटदाराच्या माणसाला कारणे दाखवा नोटीससुद्धा मिळत नाही, उद्यापासून येऊ नको एवढेच सांगितले जाते.

स्थानिक स्वराज्य संस्थांबद्दल आपल्या परंपरेत भाबडेपणा कधीच नव्हता. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीसाठी शहर सजवण्यावर हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटेच निघाले. ठराव मंजूर झाला तो झालाच. पण अनुमोदकांच्या रांगेत एक माणूस उभा राहिला नाही हे कागदावर आले. बाबासाहेबांनी १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला विरोध केला तो याच जाणिवेतून. अस्पृश्यांना प्रतिनिधित्वाचे संरक्षण नसताना गावाच्या हातात सत्ता देणे म्हणजे जातीच्या हातात सत्ता देणे, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले ते सर्वांच्या तोंडी आहेत. पण आपण त्यातून एकच निष्कर्ष काढला, की राखीव जागा मिळवायच्या. जागा मिळाल्या. जागेवर बसून वाचायचे काय आणि लिहायचे काय, याचे शिक्षण चळवळीने कुणाला दिले नाही.

इतिहासाच्या आठवणीचीही एक उतरंड असते. १८९७ च्या पुण्यातील प्लेग म्हटला की मराठी मनाला रँडच्या सोजिरांनी घरांत शिरून घेतलेली झडती आठवते. आरोग्याच्या नावाखाली चालणाऱ्या सरकारी पाहणीचे ते उग्र रूप होते, यात वाद नाही. त्याच मार्चात सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगच्या मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या आणि १० तारखेला त्याच रोगाने गेल्या. झडतीवर मराठीत किती लिहिले गेले आणि त्या पाठीवर किती, याचा हिशेब वाचकांनी आपापल्या ग्रंथालयात करावा.

मग दवाखाना कोणाचा, हा प्रश्न येतो. सामान्य माणसाला सर्व दवाखाने सरकारीच. पण महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचे, वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ आणखी वेगळ्या खात्याचे, शहरातला दवाखाना नगरपालिकेचा. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, त्यांना आरोग्य समिती मिळाली; पण तालुक्याच्या रुग्णालयात रात्री बाई अडली तर जिल्हा परिषदेच्या सभासदाचा अधिकार त्या फाटकाशी संपतो. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने आशा दाखवली. ग्रामीण भागासाठीच्या अकराव्या अनुसूचीत रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि दवाखाने यांचा शब्दशः उल्लेख आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत मात्र इस्पितळ हा शब्द नाही. तेथे सार्वजनिक आरोग्य हे सफाई आणि घनकचरा यांच्यासह एकाच नोंदीत बसवले आहे. १९६५ च्या समितीच्या नावातली ती जवळीक १९९२ च्या घटनादुरुस्तीतही कायम राहिली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यातील रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. परंतु तो निर्णय आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता. कोणत्या फाटकातून आत गेलो यावर केसपेपरचे पैसे पडतात की नाही हे ठरते, आणि फाटके कोणाची हे फाटकावर लिहिलेले असले तरी आपल्या माणसाला त्याचा उपयोग नसतो.

माझ्या गावच्या लहानशा समितीवरून मी फार मोठे बोलतो आहे, असा आक्षेप येईल. म्हणून मोठ्या ठिकाणांकडे वळतो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि बावीस रुग्ण दगावले. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात एका दिवसात अठरा मृत्यू झाले. कळव्याच्या वेळी ठाण्यात निवडून आलेले सभागृहच नव्हते, प्रशासक होता. त्यामुळे सभागृहात जाब विचारायलाही कोणी नव्हते. यावरून लोकप्रतिनिधी असते तर हे टळले असते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण नाशिकमध्ये तेव्हा सभागृह होते, नगरसेवक होते. म्हणजे निवडणूक झाली की देखरेख आपोआप येते असे नाही. आणि मुंबई महापालिकेच्या नायर रुग्णालयात २०१९ च्या मे महिन्यात डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर तरुणीने जीव दिला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली खटला उभा राहिला. तेथेही सभागृह होते. सफाई कामगार किती वाजता आला हे ज्या देखरेखीला कळते, तिला डॉक्टरांच्या खोलीत जात कशी वावरते हे कळत नाही, कारण ते हजेरीपटावर येत नाही.

देखरेखीचे सर्वांत बोलके दृश्य मात्र नांदेडचे. २०२३ च्या सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरच्या आरंभी तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दोन दिवसांत एकतीस मृत्यू झाले. हे इस्पितळ राज्याचे, स्थानिक संस्थेचे नव्हे. पण येथे मला पाहायची आहे ती लोकप्रतिनिधीची नजर. एक खासदार पाहणीला गेले. औषधे का नव्हती, पदे का भरली नव्हती, हे प्रश्न सत्ताधारी पक्षाच्या खासदाराने ज्यांना विचारायचे ते मुंबईत बसलेले होते. खासदारांना तेथे घाणेरडा संडास दिसला, आणि त्यांनी आदिवासी समाजातून आलेल्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन तो साफ करायला लावला. कॅमेरे होते. पुढे खासदारांवर गुन्हा दाखल झाला, त्यात अत्याचार प्रतिबंधक कायद्याचीही कलमे लागली. मुंबई उच्च न्यायालयाने मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली. ते सर्व योग्यच. पण त्या क्षणी त्या हाताला झाडूच का सुचला? अधिष्ठातापदापर्यंत पोहोचलेल्या माणसालाही एका क्षणात मुकादमाच्या पुढच्या जागी आणून उभे करता येते. कित्येकांना ती शिक्षा न्याय्य वाटली. समाजमाध्यमांवर टाळ्या पडल्या. ज्यांच्या आयाबहिणी रोज तेच काम करतात त्यांनी मनात काय म्हटले असेल? एका माणसाचा रोजचा धंदा हीच दुसऱ्याची मोठ्यात मोठी मानहानी, हे त्या चित्रफितीने सांगितले, आणि त्यावर आपल्या साहित्यिकांपैकी फारच थोडे बोलले.

वेगळी भाषा शक्य आहे की नाही, याचा थोडा पुरावा मिळतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे ते जिल्हे. त्यातील जनसुनवाईचे स्वरूप मला महत्त्वाचे वाटते. अधिकारी समोर बसतात आणि बाई उभी राहून सांगते : मला बाहेरून इंजेक्शन आणायला लावले, माझ्याकडून इतके पैसे घेतले, नर्सबाई मला असे असे बोलल्या. कर्ता आला, कर्म आले, तारीख आली. इतिवृत्ताने जे व्याकरण वर्षानुवर्षे मोडून ठेवले ते एका अंगठेबहाद्दर बाईने दोन मिनिटांत सरळ केले. मी या प्रयोगाची आरती ओवाळत नाही. तो खेड्यांभोवती उभा राहिला. झोपडपट्टीतला माणूस त्यात नव्हता. स्वयंसेवी संस्थांच्या आधाराने आणि सरकारच्या निधीने चालणाऱ्या गोष्टीला जो लगाम असतो तोही तिला होता, आणि 'लाभार्थी' हा शब्द तेथेही सुटला नाही. तरीही रुग्णाचे वाक्य रुग्णाच्या तोंडून कागदावर येणे ही गोष्ट लहान नाही. आपल्या आत्मकथनांनी साहित्यात जे केले त्याच जातीचे ते काम आहे.

आपल्या नगरसेवकांविषयी एक शब्द. समित्या वाटल्या जातात तेव्हा बांधकाम समितीसाठी ओढाताण होते. आरोग्य समिती आपल्या वाट्याला येते, कारण तिच्यात 'काही नाही'. मिळालेल्या समितीत आपला माणूस मग दोन कामे करतो. भाच्याला कंत्राटात लावतो, आणि कामगारांपैकी कुणाची बदली थांबवतो. दोन्ही कामे माणुसकीची आहेत, त्यांना मी हसत नाही. माझीही पहिली तासिका तत्त्वावरची नोकरी कुणाच्या तरी शब्दानेच झाली. पण औषधखरेदीची फाइल पाहायची असते, रिक्त पदांचा प्रस्ताव किती दिवस कोणाकडे आहे हे लेखी विचारायचे असते, भिन्न मत असेल तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्यायचे असते, हे त्याला आपण शिकवले नाही. जयंतीच्या कमानीसाठी आम्ही प्राध्यापक मंडळी भाषणे करतो. समितीच्या कार्यपद्धतीवर एक दिवसाचे शिबिर घ्यावे असे या गावात आजवर कुणाला सुचले नाही, मलाही नाही.

विद्यार्थिनीने पहिल्या सभेसाठी एक प्रस्ताव लिहून आणला. पानभर होता, आणि इतके दिवस वाचत राहिल्यामुळे की काय, त्याच भाषेत होता : 'रुग्णांची गैरसोय होत असल्याचे निदर्शनास आले आहे.' आम्ही दोघे बसलो आणि तो चार वाक्यांवर आणला. अमुक तारखेला, रात्री अमुक वाजता, वस्तीतील एक बाई प्रसूतिगृहात गेली. डॉक्टर नव्हते. परिचारिकेने तिला सरकारी इस्पितळात जायला सांगितले आणि ती वाटेत रिक्षात बाळंत झाली. त्या रात्री कामावर असायचे होते त्या डॉक्टरांनी खुलासा समितीपुढे येऊन करावा. सूचक म्हणून तिचे नाव. अनुमोदकासाठी तिने एका खुल्या प्रभागातील सभासदाला गाठले, तो हसत तयार झाला.

सभेत ठराव मंजूर झाला असे तिने फोनवर सांगितले. आवाजात आनंद होता. तीन आठवड्यांनी इतिवृत्ताची प्रत आली. त्यात लिहिले होते : 'प्रसूतिगृहात रात्रपाळीस सेवा उपलब्ध होत नसल्याबाबत चर्चा करण्यात आली. संबंधितांना समज देण्यात यावी व प्रसूतिगृहाच्या स्वच्छतेकडे लक्ष देण्यात यावे.' स्वच्छतेचा शब्दही सभेत निघाला नव्हता, असे ती म्हणते.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय नेहमीचाच आहे, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तो एका मिनिटात उरकतो, कुणी वाचत नाही. तिने मुख्याधिकाऱ्यांना लेखी पत्र दिले आहे की आपली चार वाक्ये जशीच्या तशी घेतल्याशिवाय इतिवृत्त कायम करण्यास आपली संमती नाही. पत्राची पोच तिच्याकडे आहे. सभा येत्या गुरुवारी अकरा वाजता आहे.